सेल काढले तर खेळण्यासारखं काय उरतं?
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

बोलणारी, गाणारी, दिवे लावणारी 'शैक्षणिक' खेळणी निवडायची कशी, यावर बरीच पत्रं आली. त्यातली सात इथे घेतली आहेत.

प्रश्न : नात चौदा महिन्यांची आहे. तिच्यासाठी गाणी म्हणणारं, अक्षरं आणि आकडे बोलणारं टेबल घ्यावं असं मुलाचं म्हणणं. खोक्यावर '६ ते ३६ महिने' आणि 'भाषाविकास' असं छापलंय. सून म्हणते, डबे, वाट्या आणि चमचे पुरेत. मी कोणाची बाजू घेऊ? (एक आजी)

उत्तर : आजी, सुनेची. मुलाला टेबल घ्यायचंच असेल तर घेऊ दे, फक्त ते बोलायला शिकवेल ही आशा ठेवू नका.

या वयात मूल शब्द उचलतं ते समोरच्या माणसाकडे बघत, आणि आपण ज्या वस्तूकडे बघतोय तिचंच नाव त्याच क्षणी कानावर पडलं म्हणून. टेबलाला नात कुठे बघतेय हे कळत नाही. तिच्या मुठीत पिवळा गोळा असतो आणि टेबल म्हणतं 'त्रिकोण!', कारण तिचं कोपर त्रिकोणाच्या बटणावर पडलेलं असतं. तुम्ही शेजारी असाल तर 'अगं, गोळा आहे ना तो' म्हणाल. पण इथेच खरी गोम आहे. खेळणं बोलत असलं की मोठी माणसं गप्प बसतात. अमेरिकेतल्या नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठातल्या ॲना सोसा यांचा अभ्यास २०१५च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. १० ते १६ महिन्यांची २६ बाळं आईवडिलांबरोबर खेळत असताना त्यांचं घरीच ध्वनिमुद्रण केलं होतं. पुस्तक हातात असताना मोठी माणसं मिनिटाला सुमारे ६७ शब्द बोलली, साध्या खेळण्यांबरोबर ५६, आणि इलेक्ट्रॉनिक खेळण्यांबरोबर ४०. बाळंसुद्धा पुस्तकाच्या तुलनेत कमी आवाज काढत होती. २६ जोड्या म्हणजे काही फार नव्हेत. तरीही एखाद्या संध्याकाळी घरात कान देऊन बसा, फरक लगेच जाणवेल.

'६ ते ३६ महिने' हा आकडा मुख्यतः सुरक्षिततेचा असतो. या वयाच्या मुलाच्या हाती दिलं तर सुटे भाग घशात जाऊ नयेत, एवढंच तो सांगतो. सहाव्या महिन्यात हे हवंच, असा त्याचा अर्थ नाही. '०-३' लिहून त्यावर तिरकी रेघ मारलेलं गोल चिन्ह हीदेखील घशात अडकण्याची सूचना असते. 'आमचं दोन वर्षांचं पोर हुशार आहे, त्याला चालेल' असं म्हणून ती डावलू नये. तपासणीत यासाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. तिच्यात पूर्ण मावेल असा तुकडा तीन वर्षांखालच्या खेळण्यातून सुटता कामा नये. घरी टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी घ्या. ती थोडी मोठी असते, त्यामुळे तिच्यात न मावणारी वस्तू खात्रीने मोठी.

टेबल घेतलंच तर दुकानात ते बंद ठेवून बघा. उघडझाप करणारं दार आहे का, फिरणारं चाक, सरकणारे मणी, आवाज न करताही दाबायला मजा येईल असं काही? सेल काढल्यावर खेळण्यासारखं काही उरत नसेल, तर ते खेळणं आठवडाभरात कोपऱ्यात जातं. घरी आणल्यावरही पहिले चार-पाच दिवस सेल घालू नका.

प्रश्न : भेट आलेल्या गाडीचा आवाज इतका मोठा आहे की डोकं उठतं. आवाज कमी करायचं बटण नाही. जाळीवर चिकटपट्टी लावली तर चालेल का? (दोन मुलांची आई)

उत्तर : चालेल, नीट लावली तर.

अमेरिकेच्या खेळण्यांच्या मानकात हातात धरायच्या आणि टेबलावर ठेवायच्या खेळण्यांसाठी सलग आवाजाची मर्यादा ५० सेंटिमीटरवर ८५ डेसिबल आहे, आणि कानाला लावायच्या खेळण्यांसाठी ६५. अडचण 'सेंटिमीटर' या शब्दात आहे. लहान मूल खेळणं अर्ध्या मीटरवर धरत नाही, ते छातीशी धरतं नाहीतर थेट कानाला लावतं. अंतर निम्मं झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. म्हणजे मर्यादेत बसलेलं खेळणंही २५ सेंटिमीटरवर ९१ आणि १२ सेंटिमीटरवर ९७च्या आसपास जातं. मोबाइलमधलं आवाज मोजायचं ॲप अगदी अचूक नसतं, पण दोन खेळण्यांची तुलना करायला पुरतं. मोबाइल ५० सेंटिमीटरवर न ठेवता मूल जिथे डोकं ठेवतं तिथे धरा.

खोक्यांना लावतात ती रुंद पारदर्शक पट्टी घ्या. जाळीच्या सगळ्या भोकांवरून जाईल आणि चारही बाजूंनी दोन सेंटिमीटर बाहेर राहील एवढा तुकडा कापा. एका थराने फार फरक पडत नाही, दोन-तीन थर लावा. कडा नखाने घासून बसवा. दोन वर्षांखालचं मूल कडा उकरून पट्टी तोंडात घालतं. तेव्हा त्याच्यासाठी खेळण्याचे स्क्रू काढून पट्टी जाळीच्या आतल्या बाजूने लावा.

सोल्डरिंग येत असेल तर याहून चांगला उपाय आहे. स्पीकरच्या मागे '8Ω' लिहिलेलं असेल, तर त्याची एक तार कापून मध्ये २२ ओहमचा पाव वॉटचा रेझिस्टर जोडा. आवाज साधारण ११ डेसिबलने उतरतो. ४७ ओहमने जवळपास १७ने. उघडी टोकं टेपने झाका, आणि वॉरंटी गेली असं धरून चाला.

प्रश्न : खेळण्यात कोणते सेल आहेत हे बघून घ्यावं, असं वाचलं. एवढं काय त्यात? (नवे बाबा)

उत्तर : फार आहे. या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

नाण्यासारखा चपटा लिथियम सेल, विशेषतः २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३ व्होल्टचा, लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकतो. तो फुटावा किंवा गळावा लागत नाही. ओलसर ऊतींमधून वीज वाहू लागते, ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते आणि नलिका भाजत जाते. दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. 'संपलेला' सेलही सुरक्षित नाही. खेळणं चालवण्याइतका विजेचा दाब नसला, तरी भाजण्याइतका असतो. लक्षणं फसवी असतात : लाळ गळणं, खोकला, खाणं नाकारणं, छातीला हात लावून रडणं. घरच्यांना सर्दी वाटते.

सेल गिळल्याची शंका जरी आली तरी थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा आणि 'बटण सेल' हे शब्द आधी सांगा, म्हणजे एक्स-रे लगेच होईल. उलटी करवू नका. मूल एक वर्षावरचं असेल, गिळून बारा तास उलटले नसतील, त्याला गिळता येत असेल आणि मध घरातच असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी १० मिली म्हणजे दोन लहान चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. अमेरिकेतल्या विषबाधा नियंत्रण केंद्राचा हा सल्ला आहे. मधाने सेल आणि ऊती यांच्यात थर तयार होऊन भाजणं मंदावतं. मध शोधण्यासाठी मात्र एक मिनिटही थांबू नका. एक वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचाच नाही.

म्हणून तीन वर्षांखालच्या मुलासाठी पेन्सिल सेलवर चालणारं खेळणं निवडा. छोटी गाण्याची पुस्तकं, चमकणारे बूट, खोट्या किल्ल्या आणि खोटे मोबाइल यांतच बटण सेल जास्त असतात, आणि हेच प्रकार भेट म्हणून आणले जातात. झाकण स्क्रूचं हवं. दुकानात झाकणाच्या कडेत नख घालून उचकटून बघा. जरा जरी उचललं गेलं तरी खेळणं परत ठेवा. स्क्रू पूर्ण सैल केल्यावरही झाकणातच अडकून राहणारा असेल तर उत्तम. कारण घरात नेहमी होतं ते असं : सेल बदलताना स्क्रू सोफ्याखाली जातो, 'नंतर शोधू' म्हणतो, आणि झाकण त्यापुढे नुसत्या खाचेवर उभं राहतं. काढलेले बटण सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीत गुंडाळून, मुलाचा हात पोचणार नाही अशा डब्यात ठेवा.

जाता जाता, सुटे चुंबक असलेल्या खेळण्यांनाही हीच सावधगिरी. दोन चुंबक गिळले गेले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात आणि मधला भाग चिमटतात.

प्रश्न : रिचार्जेबल सेल घातले की खेळणं घोगरं बोलतं, चाकं फिरायला लागली की मध्येच बंद होऊन पुन्हा 'हॅलो' म्हणतं. बिघडलंय का? (त्रस्त)

उत्तर : बहुतेक नाही. साधा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा, रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड १.२चा. तीन सेल लागत असतील तर ४.५ऐवजी ३.६ व्होल्टच मिळतात. मोटर सुरू होताना दाब आणखी पडतो, चिप बंद पडून पुन्हा सुरू होते, म्हणून ते 'हॅलो'. पूर्ण चार्ज केलेले सेल घालूनही तेच झालं तर त्या खेळण्याला अल्कलाइनच घाला. नवे आणि जुने सेल मिसळू नका. मजबूत सेल कमजोर सेलला उलटा रेटतात आणि तोच गळतो.

स्प्रिंगवर पांढरी खपली दिसली तर हातमोजे घाला. कापसाच्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाचा थेंब घेऊन खपली विरघळवा (अल्कलाइन सेलची गळती क्षारीय असते, म्हणून आम्ल), मग कोरड्या काडीने पुसा, बारीक पॉलिश पेपरने स्प्रिंग चकचकीत करा आणि तासभर उघडं ठेवा. महिनाभर वापरायचं नसेल तर सेल काढून ठेवा. 'बंद' केल्यावरही काही खेळणी थोडी वीज खातच असतात.

प्रश्न : साडेतीन वर्षांच्या मुलाला अक्षरओळखीसाठी बोलणारा पेन घ्यायचा की बटणांची पाटी? घरी मराठी, पण इंग्रजी अक्षरंही हवीत. (आई)

उत्तर : आमची पसंती पेनला, कारण त्यात निदान पुस्तक असतं आणि पुस्तकाशेजारी कोणीतरी बसतं.

या पेनच्या पुस्तकाची पानं बारकाईने बघितली तर चित्रांखाली अतिसूक्ष्म ठिपक्यांची जाळी दिसते. पेनच्या टोकातला छोटा इन्फ्रारेड कॅमेरा ती वाचतो, त्यातून एक क्रमांक मिळतो आणि पेनच्या मेमरीतली त्या क्रमांकाची फाइल वाजते. यावरून बऱ्याच गोष्टी ठरतात. एका कंपनीचा पेन दुसरीच्या पुस्तकावर मुका राहतो. पानाची झेरॉक्स चालत नाही. चित्रावर शिसपेन्सिलीने गडद गिरवलं की तेवढी जागा वाचता येत नाही, खोडली की पुन्हा बोलते. आणि नव्या पुस्तकांच्या फाइल कंपनीकडूनच उतरवाव्या लागतात. तेव्हा घेण्याआधी विचारा : फाइल केबलने संगणकातून टाकता येतात की ॲप आणि खातं लागतं? कोरे स्टिकर मिळतात का? कोऱ्या स्टिकरवर स्वतःचा आवाज भरता येतो. कपाटावर, खिडकीवर, पाण्याच्या भांड्यावर आजोबांच्या आवाजातली नावं चिकटवली की बाकीच्या छापील आवाजांचं महत्त्व आपोआप कमी होतं.

उच्चार मात्र दुकानात कान देऊन ऐका. इंग्रजीत अक्षराचं नाव आणि त्याचा ध्वनी वेगळा. नाव 'बी', ध्वनी नुसता 'ब्'. हलक्या खेळण्यात ध्वनीच्या जागी 'बुह', 'टुह' ऐकू येतं. मग 'बॅट' वाचताना मूल 'बुह-ॲ-टुह' म्हणतं आणि शब्द काही जुळत नाही. खेळणं नाव आणि ध्वनी वेगवेगळे, स्वच्छ म्हणतंय का बघा. मराठीसाठी तीन जोड्या तपासा : बाल आणि बाळ, मन आणि मण, चहातला च आणि चमच्यातला च. मराठी न येणाऱ्या आवाजात भरलेली खेळणी इथेच पकडली जातात. 'चमचा' हिंदीसारखा आला तर ते खेळणं बाजूला ठेवा.

बटणांची पाटी घ्यायची असेल तर प्रश्न विचारणारी घ्या. 'म कुठे आहे?' असं विचारून, चुकल्यावर पुन्हा संधी देऊन, थांबून वाट बघणारी. अक्षर दाबलं की ते म्हणायचं आणि वर एक गाणं, एवढंच करणाऱ्या पाटीवर मुलं तिसऱ्या दिवशी सगळी बटणं तळहाताने एकदम दाबतात.

प्रश्न : दोन वर्षांच्या मुलीला लहान मुलांचा टॅबलेट द्यावा की वायफायवर गप्पा मारणारी बाहुली? (बाबा)

उत्तर : दोन्ही नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखाली बसून पडदा बघणं नको, आणि दोन ते चार या वयात दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तितकं चांगलं. 'लहान मुलांचा' टॅबलेट हाही पडदाच.

बाहुलीचं दुखणं वेगळं. मायक्रोफोन आणि इंटरनेट एकत्र आले की मुलाचा आवाज घराबाहेर जातो. जर्मनीच्या नियामकाने फेब्रुवारी २०१७मध्ये 'माय फ्रेंड कायला' या बाहुलीवर बंदी घातली, छुपेपणाने बोलणं ऐकणारं उपकरण म्हणून. तिच्या ब्लूटूथला पासवर्डच नव्हता, जवळपासचा कोणीही जोडून घेऊ शकत होता. २०१५मध्ये शैक्षणिक खेळणी बनवणाऱ्या व्हीटेक कंपनीच्या साठ्यातून लाखो मुलांची माहिती चोरीला गेली होती. पुढे कधी असं खेळणं घेतलंच तर तीन गोष्टी बघा : वायफाय बंद ठेवून किती चालतं, मायक्रोफोन बटण दाबल्यावरच सुरू होतो का, आणि खातं पुसण्याची सोय आहे का. खातं उघडताना मुलाचं खरं नाव, जन्मतारीख किंवा फोटो देऊ नका.

प्रश्न : साडेचार वर्षांच्या मुलीला 'कोडिंग' शिकवणारा छोटा रोबो आणलाय. पाठीवर बाणांची बटणं आहेत. ती दोन दिवसांत वैतागली, म्हणते 'तो ऐकत नाही'. (मावशी)

उत्तर : निवड चांगली आहे. पडद्याशिवायचा, बटणांचा रोबो या वयाला योग्यच. जमिनीवर फिरणाऱ्या कासवाला आज्ञा देण्याची कल्पना 'लोगो' या संगणकभाषेसोबत वाढली आणि ती भाषा १९६७ची. तो ऐकत नाही याची कारणं बहुधा तीन.

एक, जुन्या आज्ञा पुसल्या नाहीत. अशा बहुतेक रोबोंत नवी बटणं दाबली की ती आधीच्या यादीच्या शेवटी जोडली जातात. प्रत्येक खेळाआधी पुसण्याचं बटण, बहुधा 'X' किंवा 'CLEAR'.

दोन, उजवा बाण. मुलीला वाटतं रोबो उजवीकडे सरकेल. तो जागच्या जागी नव्वद अंशांत फक्त वळतो, पुढे जायला वेगळा बाण लागतो. त्यात रोबो तिच्याकडे तोंड करून असेल तर त्याचं उजवं तिचं डावं होतं. सुरुवातीला तिला रोबोच्या मागे, त्याच्याच दिशेला तोंड करून बसवा. आधी ती स्वतः रोबो बनू दे : 'पुढे, पुढे, उजवीकडे वळ, पुढे'. वळल्यावर ती आपोआप पाऊल टाकेल, तेव्हा तिला थांबवा आणि 'आता फक्त वळलीस' म्हणा. गोष्ट तिथेच उलगडते.

तीन, अंतर. अनेक रोबोंचं एक पाऊल १५ सेंटिमीटरचं असतं, पण तुमच्याकडच्या रोबोचं पट्टीने मोजा. जुन्या कॅलेंडरच्या मागे तेवढ्या मापाचे चौकोन आखा, चार गुणिले चार पुरेत. गालिच्यावर चाकं घसरतात आणि चार-पाच पावलांत रोबो तिरका होतो, म्हणून कागद फरशीवर चारही कोपऱ्यांत चिकटवा. पहिल्या दिवशी पुढे आणि मागे एवढ्या दोनच प्रकारच्या आज्ञा, वळण नाही. चौथ्या चौकोनात तिची आवडती वस्तू ठेवून 'किती वेळा दाबायचं?' विचारा. पहिली आज्ञा ज्या चौकोनात रोबो उभा आहे तिथून बाहेर काढते, तरी मुलं उभा असलेला चौकोनही मोजतात आणि एक बटण जास्त दाबतात. ही चूक दुरुस्त करू नका. रोबो कागदाबाहेर गेला की ती स्वतःच मोजून बघेल.

आज्ञांची चित्रं काढलेल्या चिठ्ठ्या आधी जमिनीवर ओळीने मांडायला लावा, मग बटणं. नाहीतर तिसऱ्या बटणाला ती पहिलं विसरते. रोबो चुकला की चिठ्ठ्यांवर बोट ठेवत त्याच्याबरोबर चाला. ज्या चिठ्ठीशी तो वेगळं वागला, तीच बदलायची.